घर साऊंडप्रूफ करायचंय? आधी फटी शोधा, मग पैसे काढा

पहिल्यांदाच सांगून टाकते, फ्लॅटमधली खोली शंभर टक्के साऊंडप्रूफ होत नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओ होतो कारण तिथे खोलीच्या आत वेगळी खोली बांधलेली असते, जमीनसुद्धा रबरावर ठेवलेली असते आणि खर्चही त्याच हिशोबाने झालेला असतो. आपल्याला हवं असतं ते एवढंच की रात्री झोप लागावी, घरून काम करताना कॉलवर रिक्षाचे हॉर्न जाऊ नयेत, नाहीतर आपल्या पोराच्या तबल्याने शेजारच्या आजोबांची दुपारची झोप मोडू नये. हे जमतं, आणि बऱ्याचदा वाटतं त्यापेक्षा कमी पैशात जमतं, फक्त कामांचा क्रम उलटा करून चालत नाही.

आमचा फ्लॅट पुण्यात, मेन रोडला लागून, जुनी बिल्डिंग, बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या आणि आतल्या साडेचार इंची. बेडरूमच्या खिडकीखाली बसस्टॉप. त्यामुळे लिहितेय ते अशा घराला धरून, पण मुंबई, नाशिक, कोल्हापूर कुठल्याही फ्लॅटला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

१. आवाज कुठून येतोय ते आधी पकडा

बहुतेक लोक इथेच चुकतात, म्हणजे सरळ गुगल करून फोमचे काळे चौकोन मागवतात आणि भिंतीला चिकटवतात. थांबा जरा.

आवाज दोन प्रकारे येतो. एक हवेतून, म्हणजे ट्रॅफिक, शेजारचा टीव्ही, खालच्या पोरांचा आरडाओरडा. दुसरा बांधकामातून, म्हणजे वरच्यांनी खुर्ची ओढली, खलबत्त्यात आलं ठेचलं, गच्चीवरचा पंप सुरू झाला. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू होत नाही, त्यामुळे तुमचा आवाज कुठला आहे ते कागदावर लिहून काढा, कुठल्या वेळी येतो तेही लिहा.

हवेतून येणारा आवाज पकडायला तीन सोप्या टेस्ट आहेत. पंखा बंद करून खिडकीच्या कडेने पेटलेली उदबत्ती हळूहळू फिरवा (पडदा आधी बाजूला घ्या), वारा असलेल्या दिवशी करा, जिथे धूर एकदम वाकतो किंवा हलतो तिथे फट आहे. खिडकीच्या शटरमधे कागदाची पट्टी ठेवून बंद करा, कागद आरामात ओढून निघाला तर रबर किंवा ब्रश गेलाय. आणि रात्री खोलीत अंधार करून कुणालातरी पॅसेजमधून दाराच्या कडेने मोबाईलचा टॉर्च मारायला सांगा, उजेड येतो तिथून आवाजही येतो.

मोबाईलवर डेसिबल मोजायचं अॅप टाकून घ्या. त्याचा आकडा अगदी बरोबर असेल असं धरू नका, पण कामाच्या आधी आणि नंतर एकाच फोनवर, एकाच जागी, साधारण एकाच वेळी मोजलं तर फरक किती पडला ते कळतं. पाच-दहा मिनिटं चालू ठेवून सरासरी बघा, एका हॉर्नवर निष्कर्ष काढू नका.

२. डेसिबलचं गणित थोडंसं समजून घ्या, नाहीतर सेल्समन गंडवतो

डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. १० डेसिबल कमी झाले की आवाजाची ऊर्जा दहावा भाग उरते, पण कानाला तो साधारण अर्धाच झाल्यासारखा वाटतो. ३ डेसिबलचा फरक तर लक्ष दिलं तरच जाणवतो.

आता गंमत बघा. खिडकीवाला सांगतो "मॅडम, नव्वद टक्के आवाज बंद". नव्वद टक्के ऊर्जा बंद म्हणजे १० डेसिबल, म्हणजे कानाला अर्धा. तो खोटं बोलत नाहीये, पण तुम्ही जे समजलात ते तो देणार नाहीये. त्यामुळे टक्के ऐकायचेच नाहीत, एसटीसी किंवा आरडब्ल्यू रेटिंग (खिडकी किती डेसिबल अडवते त्याचा लॅबमधे काढलेला आकडा, जास्त तेवढा चांगला) किती ते विचारायचं आणि लॅबचा टेस्ट रिपोर्ट मागायचा. आणि तो रिपोर्ट फ्रेमसकट पूर्ण खिडकीचा आहे का नुसत्या काचेचा ते बघायचं, कारण चांगली काच ढिल्या फ्रेममधे बसवली की रिपोर्टातला आकडा कागदावरच राहतो. रस्त्याच्या आवाजासाठी विचारत असाल तर आरडब्ल्यूच्या पुढे सीटीआर नावाचा एक उणे आकडा दिलेला असतो, तो धरून किती उरतं ते विचारा. बस-ट्रकच्या घरघरीचा हिशोब त्यात असतो.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. समजा खिडकी आणि दार दोन्हीकडून सारखाच आवाज येतोय आणि तुम्ही भरपूर पैसे घालून खिडकीची वाट पूर्ण बंद केलीत, तरी खोलीतला आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. मग माणूस म्हणतो पैसे वाया गेले. वाया नाही गेले, दुसरी वाट उघडी राहिली.

तुलनेसाठी म्हणून, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधे राहत्या भागासाठी बाहेरच्या आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मेन रोडला राहणाऱ्यांनी हे वाचून हसून घ्या.

३. परवानगी आणि कागद

आतल्या आत काम असेल (फटी भरणं, दाराला रबर, आतून दुसरी खिडकी) तर सहसा कुणाची हरकत नसते, पण बाहेरून दिसणारी खिडकी बदलायची असेल तर सोसायटीला विचारावंच लागतं, कारण बिल्डिंगचं बाहेरचं रूप बदलतं. हे जवळ ठेवा:

– सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावे अर्ज, कुठलं काम, किती दिवस, कुठला कॉन्ट्रॅक्टर
– खिडकीचा आत्ताचा फोटो आणि नवीन खिडकीचं साधं ड्रॉइंग, रंगासकट
– फॅब्रिकेटरचं लेखी कोटेशन
– इंटीरियर कामाचं डिपॉझिट सोसायटी घेत असेल तर त्याची पावती, ही हरवू नका, डिपॉझिट परत घेताना लागते
– भाड्याचं घर असेल तर मालकांची लेखी संमती, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात बदल करायचे नाहीत असं बहुतेक लिहिलेलं असतं, आणि सोडताना भिंतीत केलेली भोकं डिपॉझिटमधून कापली जातात

नवीन टॉवरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, मायवान पद्धतीने (अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र काँक्रीटमधे ओततात ती) बांधलेल्या बिल्डिंगमधे बऱ्याचशा भिंती आरसीसीच्या असतात आणि त्याच बिल्डिंगचा भार घेतात. तिथे छिन्नी-हातोडा, मोठं भोक, झिरी मारणं असलं काही बिल्डर किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

कामाच्या वेळाही विचारून घ्या. दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद असा नियम बऱ्याच सोसायट्यांत असतो, आणि आवाज कमी करायच्या कामानेच आख्ख्या मजल्याची झोप उडवली असं नको व्हायला.

४. सामान

सगळं एकदम आणू नका. पहिल्या टप्प्याला एवढं पुरतं: सिलिकॉनच्या नळ्या आणि गन (नळी साधारण दोन-तीनशे रुपयांच्या आसपास), पेंटरची टेप, फोमचा गोल दोर जो मोठ्या फटीत आधी कोंबतात, थोडं सिमेंट-वाळू, दाराच्या कडेला लावायची रबर पट्टी, आणि खिडकीचा ब्रश, म्हणजे स्लायडिंगच्या खाचेत असते ती केसाळ पट्टी. ब्रशच्या रुंदीचे आणि केसांच्या उंचीचे वेगवेगळे साईज येतात, म्हणून जुन्या ब्रशचा तुकडा कापून दुकानात घेऊन जा.

पुढच्या टप्प्यात गेलात तर जिप्सम बोर्ड, जीआय चॅनल (सांगाड्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या), रॉकवूल (दगडापासून केलेली लोकरीसारखी गादी), लॅमिनेटेड काच हे लागेल. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला प्लायवुड-हार्डवेअरची दुकानं एकाला एक लागून आहेत, एक चक्कर मारून भाव काढा, ऑनलाईन "अकूस्टिक" शब्द लावला की त्याच मालाचा भाव चढतो.

५. फटी बंद करा, हेच अर्धं काम आहे

इथे थोडा वेळ घालवते कारण सगळे हेच सोडून पुढे जातात.

चार बाय चार फुटांची खिडकी घ्या. तिच्या चारी बाजूंनी फक्त ३ मिलिमीटरची फट असेल तर ती फट खिडकीच्या एकूण क्षेत्रफळाच्या साधारण १ टक्का होते. आणि १ टक्का जागा उघडी असली की उरलेल्या ९९ टक्क्यात तुम्ही कसलीही काच लावा, आख्खी खिडकी मिळून २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही, गणितच तसं आहे. बादलीला खाली भोक असेल तर बादलीचा पत्रा जाड करून काय उपयोग.

क्रम असा ठेवा. आधी फ्रेम आणि भिंत यांच्यामधली फट. अॅल्युमिनियमची फ्रेम बसवताना गवंड्याने कडेला सिमेंट नीट भरलेलं नसतं, वरून पुट्टी आणि रंग मारून झाकलेलं असतं. बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजलं तर खरवडून काढा. फट एखाद सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर सिमेंट-वाळूने भरा, लहान असेल तर फोमचा दोर कोंबून वरून सिलिकॉन. स्प्रेने फुगणारा पिवळा पीयू फोम सगळीकडे मारायचा मोह होतो, लवकर होतं काम, पण तो वजनाला अगदी हलका असतो आणि आवाज अडवायला वजन लागतं, म्हणून मारलाच तर आतवर मारा, वाळल्यावर कापून वरून सिमेंट किंवा सीलंटचा थर द्या.

सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते स्वस्त सिलिकॉन सिमेंट आणि संगमरवराशी नीट जमत नाही, काही महिन्यांत सुटून येतं. शिवाय साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, रंगवायची जागा असेल तर अॅक्रिलिक सीलंट. आणि भिंत कोरडी पाहिजे, भर पावसाळ्यात हे काम काढू नका.

मग स्लायडिंगचे ब्रश बदला. जुन्या घरात ते दबून सपाट झालेले असतात किंवा गळून गेलेले असतात. दोन शटर मधे जिथे एकमेकांवर येतात तिथली फट लोक विसरतात, आणि जाळीचं शटर जिथे थांबतं तो कोपराही.

मोठा सापळा: खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, ती पावसाचं पाणी बाहेर जायला असतात. उत्साहात ती सिलिकॉनने बुजवलीत तर जुलैमधे पाणी आत गादीवर येणार.

खिडकी झाली की बाकीची भोकं शोधा. एसीच्या पाईपसाठी पाडलेलं तीन इंची भोक, ज्याच्या आतून प्लास्टिकचं झाकण आणि बाहेरून काहीच नसतं. केबलवाल्याने पाडलेलं भोक. वापरात नसलेल्या विंडो एसीची प्लायवुड लावून झाकलेली चौकट, ही तर मोठीच, ती विटांनी बंद करून घ्या (अर्थात सोसायटीला सांगून). शेजारच्या आणि आपल्या भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, तिथे साडेचार इंची भिंतीत मधे उरतं काय? मेन स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून बॉक्सच्या कडा सील करून घ्या, वायरवर काही ओतू नका.

आणि बाथरूम. अटॅच्ड बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी कधीच नीट बंद होत नाही. ती बंद करायचीही नाही, का ते शेवटी सांगते. त्याऐवजी बाथरूमच्या दाराला रबर लावा, ते दार बेडरूमच्या मुख्य दाराइतकंच महत्त्वाचं आहे.

हे सगळं करून आठवडाभर राहून बघा. काही घरांत इथेच भागतं.

६. खिडकी: बदलायची का दुसरी लावायची

फटी भरूनही त्रास असेल तर पुढचा पैसा खिडकीवर, भिंतीवर नाही. नऊ इंची विटेची प्लास्टर केलेली भिंत आधीच भरपूर आवाज अडवते, तिच्यात बसवलेली ४-५ मिलिमीटरची काच हाच कच्चा दुवा असतो.

पर्याय पहिला, जुनी खिडकी काढून दारासारखी उघडणारी म्हणजे केसमेंट खिडकी, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा जाड सेक्शनची अॅल्युमिनियम. स्लायडिंगमधे हलायला जागा ठेवावीच लागते म्हणून ती ब्रशवर चालते, केसमेंट सगळीकडून रबर गॅस्केटवर दाबून बसते आणि दोन-तीन ठिकाणी लॉक होते. बाहेर ग्रिल असेल तर शटर आत उघडणारं घ्यावं लागेल, पडद्याच्या रॉडला अडकतंय का ते आधी मोजा.

काच कुठली? टफन्ड काच म्हणजे साऊंडप्रूफ असं सर्रास सांगितलं जातं. टफन्ड काच मजबूत असते, फुटली तर बारीक तुकडे होतात म्हणून सुरक्षित असते, आवाजाच्या बाबतीत तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेत आणि तिच्यात फरक नाही. आवाजासाठी लॅमिनेटेड घ्या, दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो काचेचं थरथरणं मारतो. अकूस्टिक पीव्हीबी मिळाला तर अजून बरं.

डबल ग्लास म्हणजे ५-१२-५ असं कोटेशन आलं तर जरा विचार करा. ती मुळात उष्णतेसाठी चांगली. दोन्ही काचा एकाच जाडीच्या आणि मधे फक्त १२ मिलिमीटर हवा असली की साधारण २०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २०० कंपनं, आकडा कमी तेवढा आवाज जाडा) आसपास दोन्ही काचा मिळून आवाजाला साथ द्यायला लागतात, आणि बसच्या इंजिनाची घरघर त्याच भागात आणि त्याच्या खाली असते. त्यामुळे हॉर्न कमी होतो पण बस उभी राहिल्यावरची ती घुंईईई तशीच राहते. डबल घ्यायचीच असेल तर दोन काचांची जाडी वेगळी ठेवा आणि एक लॅमिनेटेड.

पर्याय दुसरा, आणि मला विचाराल तर जुन्या बिल्डिंगसाठी हाच: आहे ती खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी खिडकी. नऊ इंची भिंतीत स्लायडिंग साधारण मधे बसलेली असते आणि आत चार-पाच इंचाचा ग्रॅनाइटचा कट्टा उरतो, जिथे आपण मोबाईल चार्जर आणि वाळकी मनी प्लँट ठेवतो. त्या कट्ट्याच्या आतल्या कडेला दुसरी फ्रेम उभी करायची. दोन्ही काचांच्या मधे १०० मिलिमीटरच्या आसपास हवा मिळाली तर तोच साथ देणारा प्रकार ७०-८० हर्ट्झपर्यंत खाली सरकतो, म्हणजे बसची बरीचशी घरघर आता अडते. बाहेरून काही दिसत नाही म्हणून सोसायटीचा प्रश्न मिटतो, तोडफोड नाही, भाड्याच्या घरात काढून नेता येते.

बसवून घेताना अॅल्युमिनियमवाल्या दादांना तीन गोष्टी ठासून सांगा. आतल्या काचेची जाडी बाहेरच्यापेक्षा वेगळी, म्हणजे बाहेर ५ असेल तर आत लॅमिनेटेड ६ किंवा ८. फ्रेमच्या चारी बाजूंनी न तुटता सिलिकॉन, "मागून लावलंय मॅडम, दिसत नाही" यावर विश्वास ठेवू नका, समोर उभं राहा. आणि आतली खिडकी उघडणारी पाहिजे, फिक्स नको, नाहीतर मधली धूळ आणि मेलेले डास आयुष्यभर बघत बसा. पावसाळ्यात एसी लावला की मधल्या जागेत पाणी धरतं, तेव्हाही उघडून पुसता यायला हवं. मधल्या पोकळीच्या बाजूच्या कडांना जाड फेल्ट चिकटवलं तर अजून थोडा फायदा.

लॅमिनेटेड काच जड असते, १ मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरला अडीच किलो. म्हणजे ८ ची मोठी खिडकी असेल तर रोलर, बिजागरी, स्क्रू त्या वजनाचे आहेत का ते विचारा.

आणि जाड पडदे? रात्री उजेड अडवायला छान. आवाजाचं म्हणाल तर कानाला खोली थोडी मऊ वाटते, बसला काही फरक पडत नाही.

७. दार

आतली दारं बहुतेक फ्लश डोअर असतात. ठोकून बघा, ढबढब पोकळ वाजलं तर आत पोकळी आहे, ठस्स वाजलं तर सॉलिड कोर. पोकळ असेल तर बदलून सॉलिड कोरचं ३५ मिलिमीटरचं घ्या, किंवा पैसे वाचवायचे असतील तर आहे त्यावर एका बाजूने जाड प्लायवुड चढवा, पण मग बिजागऱ्या दोनच्या तीन करा नाहीतर दार लोंबतं आणि लॉक बसत नाही.

दाराच्या तिन्ही बाजूंना चौकटीच्या खाचेत रबर पट्टी. खाली मात्र खरी पंचाईत, कारण आतल्या खोल्यांना हल्ली उंबरा नसतो आणि खाली अर्धा-पाऊण इंच फट असते. तिथे दार बंद झालं की आपोआप खाली उतरणारी पट्टी मिळते, ड्रॉप सील म्हणतात, सुताराला दाराच्या खालच्या कडेला खाच मारावी लागते. तेवढं नको असेल तर ब्रशवाली किंवा दोन्ही बाजूंनी फोम असलेली पट्टी चालेल, ती फरशीला घासली पाहिजे, वर तरंगत राहिली तर नसल्यासारखीच.

मेन डोअरचं लॅचचं आणि पीपहोलचं भोक पण बघा. लिफ्टचं दार "कृपया दरवाजा बंद करा" म्हणत असेल तर तो आवाज तिथूनच येतोय.

८. भिंत, अगदीच गरज असेल तर

शेजारचा टीव्ही, शेजारचं भांडण, किंवा आपल्याकडचा तबला-हार्मोनियम, अशा वेळी मधली भिंत करावी लागते. साडेचार इंची विटेपेक्षा हलक्या एएसी ब्लॉकची (आत हवेचे बुडबुडे असलेले सिमेंटचे ब्लॉक) तेवढीच भिंत कमी आवाज अडवते, त्यामुळे नवीन बिल्डिंगमधे हा त्रास जास्त.

इथे फोम लावायचा नाही. पिरॅमिडसारखा फोम, अंड्यांचे ट्रे, ग्रूव्हवाले फॅन्सी पॅनल हे सगळं खोलीतला घुमारा कमी करतं, म्हणजे रेकॉर्डिंग स्वच्छ येतं, पण आवाज पलीकडे जायचा थांबत नाही. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, दोन इंचाचा स्पंज तिला काय थांबवणार! शिवाय साधा पीयू फोम आणि थर्माकोल पटकन पेटतात आणि विषारी धूर करतात. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे भिंतभर लावू नकाच.

जे चालतं ते असं: मूळ भिंतीपासून एक इंच सोडून, तिला कुठेही न टेकता, जीआयचा स्वतंत्र सांगाडा, फक्त जमिनीला आणि स्लॅबला धरलेला, आणि वरखालच्या चॅनलच्या मागे रबर किंवा फोमची पट्टी. सांगाड्यात ५० मिलिमीटर रॉकवूल, ४८ किंवा ६४ घनतेचं (घनमीटरला तेवढे किलो) पुरतं, दाबून ठासायचं नाही. त्यावर १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर येता कामा नयेत. चारी कडांना ५ मिलिमीटर जागा सोडून ती सीलंटने भरायची. एकूण चार इंच जागा जाते, दहा बाय दहाच्या खोलीत पलंग-कपाट बसतंय ना ते आधी जमिनीवर खडूने आखून बघा.

कारागीर सवयीने काय करतो, सांगाडा हलतोय म्हणून मधेच एक क्लिप ठोकून भिंतीला घट्ट करतो. त्या एका क्लिपमधून अर्धी मेहनत पलीकडे जाते. बोर्ड लावायच्या आधी स्वतः बघा आणि फोटो काढून ठेवा. या भिंतीत नवीन स्विचबोर्ड घेऊ नका, टीव्ही टांगू नका.

रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, आणि काम चालू असताना पोराबाळांना दुसऱ्या खोलीत. बोर्डाच्या मागे बंद झालं की मग त्रास नाही.

एवढं जमत नसेल तर त्या भिंतीला छतापर्यंत कपाट करून कपड्यांनी, पुस्तकांनी गच्च भरा. चमत्कार होत नाही, पण शेजारच्या मालिकेतले संवाद कळेनासे होतात, नुसती कुजबुज उरते.

९. वरून येणारी धडधड

खरं सांगायचं तर हा सगळ्यात अवघड प्रकार आणि यात खालून पैसे घालणं सगळ्यात तोट्याचं. साधी फॉल सीलिंग कडक हँगरने स्लॅबला टांगलेली असते, ठोका त्याच हँगरमधून खाली उतरतो. रबर किंवा स्प्रिंगचे हँगर घालून, रॉकवूल टाकून, डबल बोर्ड केला तर फरक पडतो, पण सहा-आठ इंच उंची जाते आणि उरलेला आवाज भिंतींमधून उतरतोच.

ठोका जिथे पडतो तिथेच थांबवणं स्वस्त. म्हणजे वर जाऊन बोलायचं. तक्रारीच्या सुरात नाही, आणि रात्री अकरा वाजता बेल मारून तर नाहीच. रविवारी सकाळी जा, "काकू, खुर्च्या ओढल्या की खाली फार वाजतं हो, मी हे पॅड आणलेत, लावून देऊ का?" असं म्हणून खुर्च्या-टेबलाच्या पायांना लावायचे फेल्टचे पॅड सोबतच घेऊन जा. चिकटवायचे पॅड टिकत नाहीत, खिळ्याचे घ्या. घरघंटी आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबर मॅट, खलबत्त्याखाली दुमडलेली गोणी किंवा रबर, नातवंडं खेळतात तिथे सतरंजी. काकूंना माहीतच नसतं की खाली एवढं ऐकू येतं, वरच्या घरात तो आवाज जाणवत नाही.

पंपाचा आवाज असेल तर सोसायटीच्या मीटिंगमधे विषय घ्या: पंपाखाली रबरचे व्हायब्रेशन पॅड, पाईपला जोडताना लवचिक रबरी तुकडा, आणि पाईप जिथे भिंतीला क्लॅम्प केलाय तिथे क्लॅम्पमधे रबर.

१०. हवा विसरू नका

हे शेवटी लिहितेय पण वाचा नक्की. खोली आवाजबंद करणं म्हणजे हवाबंद करणं, आणि स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी आणत नाही. रात्रभर दोघं-तिघं झोपले की सकाळी डोकं जड होतं. झोपायच्या आधी खोली मोकळी करून घ्या, आणि घराची शांत बाजू, म्हणजे डक्टकडची किंवा मागची खिडकी, थोडी उघडी राहील अशी सोय ठेवा.

बाथरूममधे गॅस गीझर असेल तर तिथली खिडकी, जाळी, एक्झॉस्टचं भोक काहीही बुजवायचं नाही. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळ करतानाच माणूस बेशुद्ध पडतो. आपल्याकडे यात माणसं गेलेली आहेत. स्वयंपाकघराचंही तेच, गॅसच्या शेगडीजवळची खिडकी सील करू नका. जमलं तर गॅस गीझर काढून इलेक्ट्रिक बसवा आणि मग आवाजाचं बघा.

११. झाल्यावर

पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी अॅपवर मोजा. फरक वाटला नाही तर नवीन सामान आणायच्या आधी उदबत्ती परत फिरवा, नवीन फ्रेमच्या एखाद्या कोपऱ्यात सिलिकॉन राहिलेलं असतं. फॅब्रिकेटरचे शेवटचे पैसे या टेस्टनंतरच द्या, आधी दिलेत की तो फोन उचलत नाही. बाहेरचा आवाज उतरला की घरातलेच आवाज मोठे वाटायला लागतात, फ्रिज, पंख्याची कुरकुर, घड्याळ. आठवडाभरात सवय होते.

गणपतीतल्या डीजेबद्दल लोक विचारतात. त्या बेसला यातलं काहीही पुरत नाही, काचा थरथरतात त्या थरथरतातच. लाऊडस्पीकरला रात्री १० नंतर बंदी आहे, पण सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यामुळे त्या दिवसांची यादी बघून ठेवा, त्याच्या बाहेर चालू असेल तर ११२ ला फोन करता येतो. विसर्जनाच्या रात्री आम्ही सासरी जातो.

दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, ट्रॅक व्हॅक्यूम करा, पाण्याची भोकं टाचणीने मोकळी करा, रबर कडक झालंय का दाबून बघा. ब्रश तीन-चार वर्षांनी बदलावे लागतात, रस्त्याच्या धुळीत त्याआधीही.